लॅपटॉपचा हार्डवेअर रीसेट: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप अडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारून घे.’ कॉलेजची पोरं, डीटीपीवाले, दुकानाचा हिशेब लॅपटॉपवर ठेवणारे व्यापारी, सगळ्यांना हेच ऐकायला मिळतं. माझं ठाम मत आहे की फॉरमॅट हा शेवटचा उपाय असायला हवा. कितीतरी तक्रारींचं मूळ विंडोजमध्ये नसतंच. ते मदरबोर्डावरच्या वीजपुरवठ्यात असतं आणि पाच मिनिटांत, एक पैसाही न घालता दूर होऊ शकतं. ते कधी जमतं, कधी जमत नाही आणि कुठे हातच लावायचा नाही, हे खाली लिहिलं आहे.

हार्डवेअर रीसेट म्हणजे नेमकं काय होतं?

लॅपटॉप बंद केला तरी तो पूर्ण बंद होत नाही. बॅटरी आत असते आणि मदरबोर्डाच्या एका भागाला तिच्यातून थोडी वीज मिळतच राहते. त्या भागात एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक चिप असते. पॉवरचं बटण दाबलं गेलं का, चार्जर लागला का, पंखा किती जोरात फिरवायचा, झाकण उघडं आहे की मिटलेलं, कीबोर्डचं कोणतं बटण दाबलं, हे सगळं ती बघते. तिचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो महिनोन्महिने न थांबता चालू असतो.

लाईट अचानक गेली, चार्जरची पिन अर्धवट बसली, झोपेत गेलेला लॅपटॉप नीट उठला नाही, अशा वेळी या चिपची नोंद चुकते. चार्जर जोडलेला असूनही तिच्या लेखी तो नसतो. विंडोज कितीही वेळा रीस्टार्ट करा, ही चिप त्यात बंद होतच नाही, त्यामुळे चूक तशीच राहते. चार्जर, बॅटरी आणि बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये साठलेला उरलासुरला चार्ज, हे तिन्ही गेले की ती पहिल्यापासून सुरू होते; बॅटरी आतच पक्की असेल तर बऱ्याच मॉडेलांत पॉवरचं बटण बराच वेळ दाबून धरल्यानेही हेच होतं. हार्डवेअर रीसेट म्हणतात तो एवढाच.

यात माझ्या फाइली, फोटो जातील का?

नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडी वीज नसतानाही माहिती धरून ठेवतात. उघडी असलेली, सेव्ह न केलेली फाइल मात्र जाईल. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘रीसेट धिस पीसी’ असा पर्याय असतो, तो पूर्णपणे वेगळा आहे. त्याने तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात आणि चुकीचा पर्याय निवडला तर फाइलीही जातात. फोनवर कुणी ‘रीसेट कर’ म्हणालं तर कोणता रीसेट, हे आधी विचारून घ्या.

कोणत्या तक्रारीत याचा उपयोग होतो?

बटण दाबल्यावर काहीच होईना. दिवे लागतात, पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप पुन्हा जागा होईना. चार्जर लावूनही चार्जिंग सुरू होईना. यूएसबीची तोंडं, कीबोर्ड, वायफाय किंवा कॅमेरा अचानक गायब. लॅपटॉप गार असूनही पंखा एकसारखा जोरात. या सगळ्यांत आधी रीसेट करून बघावा.

व्हायरस, भरलेली डिस्क, हळू झालेलं विंडोज, फुटलेली स्क्रीन, सैल झालेलं बिजागर यांना तो लागू पडत नाही. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर रीसेटच्या फंदात पडू नका. लॅपटॉप चालू होत असेल तर ताबडतोब डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, होत नसेल तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका.

ठीक, करायचा कसा?

लॅपटॉप बंद करा. अडकला असेल तर पॉवरचं बटण दहा-बारा सेकंद दाबून ठेवा, बंद होईल. चार्जर काढा, आणि तो भिंतीच्या सॉकेटातूनही काढा. माऊस, पेनड्राइव्ह, एचडीएमआयची वायर, मेमरी कार्ड, सगळं बाजूला करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालच्या खटक्यांनी निघते, तशी निघत असेल तर काढा. मग पॉवरचं बटण ३० सेकंद सलग दाबून धरा. एचपी १५ सेकंद पुरेसे सांगतं, पण ३० धरल्याने नुकसान काही नाही. मध्येच दिवा लुकलुकला किंवा पंखा हलला तरी बोट उचलू नका. बटण सोडल्यावर एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या.

आता बॅटरी न बसवता फक्त चार्जर लावून चालू करून बघा. चालू झाला तर बंद करून बॅटरी बसवा. बॅटरी आतच पक्की असलेल्या लॅपटॉपला चार्जर लावायचा आणि चालू करायचा. माऊस, पेनड्राइव्ह एकेक करून नंतर जोडा. बिघडलेला पेनड्राइव्ह किंवा वाकलेली यूएसबी पिन अख्खा लॅपटॉप अडवून धरते, आणि ते याच टप्प्यावर उघड होतं.

लेनोव्होच्या काही थिंकपॅडना खालच्या बाजूला सुईएवढं भोक असतं. चार्जर काढून त्यात सरळ केलेली कागदाची क्लिप हलकेच दाबली की आतली बॅटरी क्षणभर तोडली जाते. शेजारी माइकचंही असंच भोक असू शकतं, त्यात क्लिप घालू नका. डेलच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत आणखी एक सोय आहे: चार्जर जोडलेला ठेवून पॉवरचं बटण सुमारे ३० सेकंद दाबायचं, म्हणजे घड्याळ आणि बायॉसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) नोंदही पुसली जाते. वरच्या कृतीत चार्जर काढायचा आणि इथे ठेवायचा, एवढं लक्षात असू द्या. त्याआधी खालचा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कच्या कुलपाचा प्रश्न वाचा.

मी तर रोज शट डाऊन करतो, मग रीसेट कशाला?

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आला आहे. शट डाऊन केलं की विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हरांची (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची) अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. कालचा अडकलेला ड्रायव्हर आज तसाच उठतो. रीस्टार्टमध्ये असं होत नाही. त्यामुळे रीसेटच्या आधी एकदा रीस्टार्ट करा, किंवा शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा. लॅपटॉप चालू आहे, गाणं वाजतंय, पण स्क्रीन काळी, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बरेचदा काम तिथेच भागतं.

मॅकबुकला हेच लागू आहे का?

ॲपलची स्वतःची एम१ आणि त्यापुढची चिप असलेल्या मॅकबुकना वेगळा रीसेट नाही. बंद करा, ३० सेकंद थांबा, चालू करा. इंटेलच्या मॅकबुकमध्ये हे काम एसएमसी नावाची चिप बघते. टी२ ही ॲपलची सुरक्षेची चिप नसलेल्या, आतच बॅटरी असलेल्या मॉडेलात बंद अवस्थेत डावीकडची शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि सोबत पॉवर, असं १० सेकंद दाबतात. २०१८ पासून आलेल्या टी२ वाल्यांत डावी कंट्रोल, डावी ऑप्शन आणि उजवी शिफ्ट ७ सेकंद, मग त्यातच पॉवर मिळवून आणखी ७ सेकंद.

चार्जर लावला की टचपॅड वेडावाकडा चालतो, बाण आपोआप उड्या मारतो. रीसेट करूनही तेच. काय करावं?

याचं उत्तर लॅपटॉपमध्ये नाही, भिंतीत आहे.

जुन्या बेळगावातल्या गल्ल्यांत, शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत आणि खेड्यांत तर फारच, सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्याच्या मागे अर्थिंगची तार नसते. असली तरी मातीतली पट्टी गंजून संपलेली असते. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेतल्या नको असलेल्या लहरी जिरवायला छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून निघणारा अगदी थोडा प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. वाट नसली की तो लॅपटॉपच्या अंगावर येऊन बसतो. धातूच्या बॉडीवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं, टेस्टर लावला तर मंद पेटतो. टचपॅड बोटाच्या विजेच्या बदलावरच चालतो, त्यामुळे तो गोंधळतो.

पारख सोपी आहे. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. टचपॅड शहाण्यासारखा वागला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा. मग शेजारच्या पक्क्या अर्थिंगच्या घरात किंवा ऑफिसात तोच चार्जर लावून बघा. तिथे ठीक चालला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, लॅपटॉपवाल्याला नको. तीन पिनांची मधली पिन मोडून किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून काम चालवायची सवय तर सोडाच. हा फक्त टचपॅडचा प्रश्न नाही. त्याच घरात गीझर आणि वॉशिंग मशीनही असतं, आणि तिथे अर्थिंग नसणं जिवावर बेतू शकतं.

वळवाच्या पावसात लाईट गेली, आली, आणि तेव्हापासून लॅपटॉप बंदच. रीसेटने येईल का?

कधी येतो. आधी चार्जर बघा. बहुतेक चार्जरांवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणजे कमी दाबाला ते सहसा डगमगत नाहीत. धोका जास्त दाबाचा. एप्रिल-मेमध्ये वीज कडाडते तेव्हा आणि खांबावरची न्यूट्रल तार सुटते तेव्हा. न्यूट्रल तुटली की घरातला दाब २३० वरून ४०० च्या दिशेने चढू शकतो. बल्ब एकदम लख्ख पेटले, पंखे सुसाट सुटले तर पहिला मेन स्विच पाडा.

चार्जरवर छोटा दिवा असेल तर तो फार मोलाची माहिती देतो. सॉकेटात लावल्यावर दिवाच लागला नाही तर चार्जर गेला. दिवा लागतो, पण लॅपटॉपला पिन जोडताच विझतो, तर चार्जर बहुधा ठीक आहे आणि मदरबोर्डावर शॉर्ट आहे. तिथे रीसेट करत बसू नका, बोर्डाचं काम करणाऱ्याकडेच न्या. दिवा लागलेलाच राहतो आणि लॅपटॉप मुका आहे, तर वर सांगितलेला रीसेट दोनदा करून बघायला हरकत नाही. टाइप-सीचा चार्जर असेल तर दोन्ही टोकं काढून मिनिटभर थांबा, मग जोडा; चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात किती व्होल्ट द्यायचे याची बोलणी नव्याने होतात.

ढग गडगडायला लागले की चार्जर आणि लॅनची वायर दोन्ही काढून ठेवणं, याला पर्याय नाही.

चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबतं. बॅटरी गेली का?

बहुतेक वेळा नाही. लेनोव्हो, असूस, एचपी, डेल सगळेच बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून चार्जिंगला मर्यादा घालायची सोय देतात. कंपनीच्या ॲपमध्ये बघा, तिथे ती चालू असेल. बॅटरी बदलायला पैसे काढण्याआधी हे तपासा.

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो, खालचं झाकण फुगलंय.

रीसेट करू नका, चार्जर लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. बॅटरी फुगली आहे. टोचली किंवा वाकली तर पेट घेते. बंद करून, गादी-पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर जाणत्या माणसाकडून बॅटरी काढून घ्या.

चहा सांडला. आता?

चार्जर लगेच काढा आणि पॉवरचं बटण दाबून लॅपटॉप बंद करा. बंद झाल्यावर पुन्हा बटणाला हात लावू नका. ‘चालतो का बघू’ म्हणून दाबलेलं बटणच ओल्या बोर्डाला मारतं. ३० सेकंदांचा रीसेट इथे करायचा नाही. उलटा, तंबूसारखा ठेवा म्हणजे चहा कीबोर्डातून बाहेर गळेल. तांदळात पुरून काही होत नाही. साखर-दुधाचा थर वाळला तरी बोर्डावर राहतो आणि हळूहळू तांबं खातो. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावाच लागतो, आणि जितक्या लवकर तितकं बरं.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे लॅपटॉप मधूनच चालू होत नाही, पुण्यात नेला की होतो. असं का?

कणकुंबी, जांबोटी, खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे रॅमच्या सोनेरी पट्ट्या कशा सुटतील? पट्टी आणि खाच यांच्यात बारीक थर बसतो, संपर्क तुटतो, आणि लॅपटॉपचे दिवे लागूनही स्क्रीन काळी राहते. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकणं किंवा बीप ऐकू येणं ही लॅपटॉपची तक्रार सांगायची पद्धत आहे. किती वेळा लुकलुकला ते मोजून मॉडेलच्या नावासकट शोधलं तर नेमका भाग कळतो.

वॉरंटी संपलेली असेल आणि हाताला स्क्रू-ड्रायव्हरची सवय असेल तर रॅम काढून बसवणं घरी जमतं. आधी चार्जर काढा, खालचं झाकण उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टर सोडवा, मगच रॅमला हात लावा. थिंकपॅडच्या बायॉसमध्ये आतली बॅटरी बंद करायचा पर्यायच आहे, तो वापरा. स्क्रू कुठला कुठे होता याचा फोटो काढून ठेवा; लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर बोर्डात घुसतो. रॅम दोन्ही बाजूंच्या खटक्या उघडल्या की तिरकी उभी राहते, तशीच ओढायची. पट्ट्या खोडरबरने घासायची पद्धत सगळीकडे आहे, पण रबराचा चुरा खाचेत अडकतो आणि सोन्याचा मुलामाही झिजतो. अल्कोहोलने ओलसर केलेलं सुती कापड पुरतं. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डाला चिकटवलेलीच असते, तिथे हा उपाय नाही.

डीडीआर५ रॅमचे नवे लॅपटॉप बॅटरी तोडून जोडल्यावर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतात. त्या वेळात ते रॅम पारखत असतात. घाबरून बटण दाबू नका, थांबा.

पावसाळ्यात लॅपटॉप आठवडेच्या आठवडे बॅगेत बंद ठेवू नये. रोज तासभर चालवला तर त्याच्याच उबेने आतली ओल जाते.

खेळ किंवा मोठं सॉफ्टवेअर चालवलं की दहा मिनिटांत बंद पडतो. रीसेट केला की पुन्हा चालतो, पुन्हा बंद.

हा तापण्याचा प्रश्न आहे. रीसेट करताना तो गार होतो, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. आपल्या भागात धूळही जागेप्रमाणे बदलते. निपाणीत तंबाखूची बारीक भुकटी पंख्यात जाते आणि चिकटून बसते. शहापूर-वडगावात यंत्रमागांच्या घरात धाग्यांचा कापूस जाळीवर थर धरतो. उद्यमबागेतल्या कारखान्यांत हवेत लोखंडाची पूड असू शकते आणि ती तर वीज वाहते, म्हणून तिथला लॅपटॉप वर्षातून एकदा तरी उघडून साफ करवाच. घरी ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. जोरात उलटं फिरलं तर पंखा जाऊ शकतो.

रोज तारीख मागे जाते, बँकेची साइट उघडत नाही. हे काय?

बोर्डावरचा सेल संपला. बऱ्याच लॅपटॉपांत घड्याळासाठी सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल असतो, दोन वायरी आणि छोटं कनेक्टर लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो बँक, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, काहीच उघडू देत नाही. यासाठीही लोक विंडोज फॉरमॅट करून आणतात, याचं फार वाईट वाटतं. सेल बदला, तारीख लावा, झालं. काही नव्या लॅपटॉपांत हा सेल नसतो, मुख्य बॅटरीच ते काम करते.

बायॉस रीसेट केला आणि आता निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी चावी मागतोय!

हा बिटलॉकर. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, तुम्हाला न विचारता. बायॉसची सेटिंग बदलली की विंडोजला संशय येतो आणि ते चावी मागतं. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून ‘रिकव्हरी की’ बघा, बहुतेक वेळा ती तिथे असते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं: लॅपटॉप कॉलेजने दिलेल्या ईमेलने जोडला असेल तर चावी त्या खात्यात असू शकते, आणि कॉलेज संपल्यावर ते खातं बंद होतं. चावी आजच वहीत लिहून ठेवा. ती कुठेच मिळाली नाही तर डेटा कुणीही सोडवून देऊ शकत नाही, आणि ‘सोडवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

चावीचा प्रश्न नाही, पण विंडोज सुरूच होत नाही, असं झालं तर बायॉसमधला स्टोरेजचा प्रकार बदललेला असू शकतो. ११व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सेटिंग असते, ती आधी होती तशी करा. म्हणून बायॉसचे ‘डिफॉल्ट’ लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा.

दुकानात फॉरमॅटशिवाय पर्याय नाही म्हणतात. मग?

आधी विचारा की दोष कशात सापडला. लॅपटॉपची स्वतःची तपासणी असते: एचपीत चालू करताना एस्केप आणि मग एफ२, डेलमध्ये एफ१२. तीत डिस्क आणि रॅम पास झाले का, ते तुमच्यासमोर बघायला सांगा. डेलची स्क्रीन तपासायची तर डीचं बटण धरून पॉवर दाबा, एकामागून एक रंग दिसतात. रंग नीट दिसले तर पॅनेल चांगलं आहे.

फॉरमॅट ठरलाच तर आपल्याकडची एक अडचण इतरांना नसते. इथल्या डीटीपीच्या लॅपटॉपवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी, दोन्ही नांदत असतात. फॉरमॅटनंतर लग्नपत्रिकांच्या आणि दुभाषी फलकांच्या जुन्या फाइली उघडतात, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, कारण फाँटच गेलेले असतात. म्हणून फाँटचा फोल्डर, सॉफ्टवेअरचा लायसन्स नंबर किंवा डोंगल, टॅलीचा डेटा आणि ब्राउझरमधले पासवर्ड, एवढं आधी पेनड्राइव्हवर आणि वहीत घ्या. फक्त ‘माय डॉक्युमेंट्स’ उतरवलं की झालं, असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका.

रीसेटने चालू झाला, पण आठवड्यात पुन्हा तेच. किती वेळा करावा?

दोन-तीनदा तीच तक्रार परत आली तर रीसेट पुरेसा नाही. कंपनीच्या साइटवरून बायॉस आणि चिपसेटचे ड्रायव्हर अद्ययावत करा. बायॉसचं अपडेट चार्जर लावून, बॅटरी निम्म्याच्या वर असताना आणि लाईट जायची वेळ नसताना करा; अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो. तरीही फरक नसेल तर बॅटरी, चार्जरची पिन किंवा बोर्डावरचा एखादा भाग कमजोर झाला आहे.

दुरुस्तीला नेताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. तक्रार केव्हा सुरू झाली, चार्जरवर होते की बॅटरीवर, दिवा किती वेळा लुकलुकतो, रीसेट केल्यावर किती दिवस चालला, हे कागदावर लिहून लॅपटॉपसोबत द्या. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला किंवा हुबळीला असेल तर हा कागद तुमची दुसरी फेरी वाचवू शकतो. चार्जरही सोबत न्या, तो घरी विसरला की अर्धी तपासणी होतच नाही.